मंगळवार-शुक्रवारची पंचवीस मिनिटं

“मॅडम, रामीच्या पायांवर सूज आहे. तोंडही सुजल्यासारखं दिसतंय. मी दोनदा मोजला, रक्तदाब वाढलेलाच लागला. सातवा महिना लागलाय तिला. जव्हारला दवाखान्यात दाखवायला हवं. मी चिठ्ठी दिलीय, पण ती एकटी जायची नाही. तुमच्याबरोबर येईल. उशीर नका करू.”

नर्स प्रतिभाताई हे सांगत होत्या, तेव्हा शलाका माझी नाडी बांधत होती. तिने मान वर केली नाही.

“नेते ना. फक्त या आठवड्याच्या वेळापत्रकात अजिबात जागा नाही हो,” ती म्हणाली आणि नाडीला दुसरी गाठ मारली.

मित्रांनो, ती गाठ माझ्यावर मारलेली होती. म्हणून ते वाक्य माझ्या जितकं लक्षात राहिलं, तितकं कदाचित तिच्याही राहिलं नसेल.

आता मी कोण ते सांगतो. मी चार चाकांचा पांढरा बूट आहे, जोडीतला डावा. उजवा माझ्यापेक्षा गप्प आहे, त्यामुळे सांगायचं काम माझ्याकडे. बर्फाच्या देशात पात्याच्या बुटांवर जे फिगर स्केटिंग करतात, तेच आम्ही साध्या जमिनीवर चाकांनी करतो. त्यात शर्यत नसते. जमिनीवर मोठी वर्तुळं आखलेली असतात आणि एका पायावर उभं राहून त्या रेघेवरूनच जायचं असतं. वेग कुणी बघत नाही, रेघ सुटली का ते बघतात.

माझा जन्म पंजाबातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझं चामडं साच्यावर ताणलं, तोंडात खिळे धरून एकेक ठोकला, तळाला धातूची पट्टी बसवली आणि शेवटी बोटाने माझं चाक फिरवून ते किती वेळ फिरतं ते कान लावून ऐकलं. कुणीतरी आपल्याकडे इतकं लक्ष देऊन ऐकतं, यात किती सुख असतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

नाशिकच्या एका दुकानातून शलाकाच्या वडिलांनी, भास्कररावांनी, मला विकत घेतलं. ती तेव्हा अकरावीत होती. पहाटे पाचला ती मला पाठीवर टाकून मैदानावर न्यायची. दोन वर्षांत आम्ही जिल्ह्याच्या स्पर्धेत तिसरे आलो. पंच वाकून जमिनीकडे बघत होते आणि एक बाई म्हणाल्या, “हिचा डावा पाय बघा, काय रेघ धरतोय!” मी त्या दिवशी आनंदाने नुसता चमकत होतो. कौतुक झालं की आपण कधीच माळ्यावर जाणार नाही असं वाटतं, बूटसुद्धा असा वेडा असतो.

पुढे कॉलेज झालं, बी.एड. झालं, आणि शलाका लग्न होऊन जव्हारला आली. नवरा केयूर. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आणि दुकानावरच घर. मी गोणपाटात बांधलेला आलो आणि गोणपाटातच माळ्यावर गेलो. सात वर्षं. माझी चाकं कडक झाली, चामड्याला भेगा पडल्या आणि एका उंदराने माझी जीभ कुरतडली. बुटालाही जीभ असते बरं का, नाडीच्या खाली असते ती.

मग अक्षदा झाली. मला रडणं ऐकू यायचं, आणि रडण्यापेक्षा जास्त शलाकाची पावलं ऐकू यायची. बाळ झोपलं तरी ती झोपायची नाही. नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. एका वहीत ती सगळं लिहून ठेवायची. दूध किती, शी किती वेळा, वजन किती ग्रॅमने वाढलं. केयूर म्हणायचा, “अगं, मूल आहे ते, प्रयोगशाळा नाही.” ती विज्ञान शिकवते ना शाळेत, म्हणून.

अक्षदा दीड वर्षाची झाली तेव्हा एकदा जुने कपडे शोधताना शलाकाने मला माळ्यावरून काढलं. मला पायात घातलं आणि दुकानाच्या मागच्या पडवीत भिंत धरून उभी राहिली. मग भिंत सोडली. सात वर्षांनी मी एक वीत पुढे गेलो. त्या एका वितीएवढ्या वेळात तिने कसलीही काळजी केली नाही. करताच येत नाही, मित्रांनो. माझ्यावर उभं राहून दुसरा विचार केला की तोल जातो. मला वाटतं, तिला माझी गरज त्यासाठीच होती.

पण सराव करायचा कुठे आणि केव्हा? गच्ची खडबडीत. लग्नाच्या हॉलची फरशी गुळगुळीत, पण तिथे कायम कुणाचं तरी लग्न. आणि सासूबाई, आशालताबाई, गल्ल्यावर बसून म्हणायच्या, “देवाने दोन पाय नीट दिलेत ना, मग आठ चाकं कशाला? नोकरीला जा, पोरीचं बघेन जमेल तसं. नाचायला जाशील तर माझे गुडघे काही पोरीमागे धावणार नाहीत.”

गुडघे खरंच दुखायचे त्यांचे. म्हणून अक्षदाला सांभाळायला रामी मिळाली.

शलाकाची शाळा साखरशेतच्या वाटेवर आहे. शाळेच्या अलीकडे एक पाडा लागतो, त्यात रामीचं घर. घरात नवरा लहान्या आणि सासू मंगळी. घरासमोर पंचायतीने बांधून दिलेलं सिमेंटचं खळं. भात झोडायला आणि नाचणी वाळवायला ते चार-सहा आठवडे लागतं, एरवी रिकामं. शलाका पहिल्या दिवशी अक्षदाला सोडायला गेली, तेव्हा तिने चप्पल काढून त्या खळ्यावरून तळपाय फिरवला. मी स्कूटरच्या आकड्याला पिशवीत लटकलो होतो. तिचा चेहरा मला दिसला, आणि मी ओळखलं.

त्याच दिवशी घरी फ्रिजवर एक वेळापत्रक लागलं. सोमवार, गुरुवार शाळेत लवकर हजेरी. बुधवारी सासूबाईंचा व्यायाम करून घ्यायचा. शनिवारी सकाळची शाळा, दुपारी धुणं आणि वह्या. रविवारी पाहुणे. उरले मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते दहा पंचवीस. या दोन चौकोनांत तिने हिरव्या पेनाने लिहिलं, ‘सराव’. माझं उरलेलं आयुष्य त्या दोन हिरव्या चौकोनांत मावलं आणि मला ते पुरेसं होतं.

वर्तुळ आखायला रामीने मदत केली. ती दोरीचं टोक धरून मध्ये बसली आणि शलाका दुसऱ्या टोकाला चुन्याची पुरचुंडी बांधून तिच्याभोवती फिरली. अशी दोन वर्तुळं, एकमेकांना चिकटलेली. मग रामी अक्षदाला मांडीवर घेऊन कडेला बसली आणि आमचा सराव बघू लागली. पहिल्या दिवशी तिला हसू आवरेना.

“बाय, तू एवढी गरगरतंस, पण पोचत तं कुठंच नाय!”

“पोचायचं नसतंच ग. रेघेवर राहायचं असतं.”

“मंग घरीच बस ना पाटावर. रेघेवरच राहशील.”

शलाका इतकी हसली की माझा तोल गेला आणि ती बसकण मारून पडली. अक्षदाने टाळ्या वाजवल्या. रामी मला ‘गाडी’ म्हणायची. मंगळवारी स्कूटर दिसली की लांबूनच ओरडायची, “गाडी आणली काय?”

एकदा माझ्या भेगा बघून तिने मला ठेवून घेतलं. मोहाच्या बियांचं तेल चिंधीवर घेऊन तिने माझं चामडं चोळलं, शिवणीत, टाचेत, कुरतडलेल्या जिभेलासुद्धा. “तहानलंय बिचारं,” ती मंगळीला म्हणाली. मित्रांनो, त्या कारागिरानंतर माझ्याकडे इतकं निरखून कुणी पाहिलं असेल तर रामीने.

आणि शलाका? ती रोज संध्याकाळी अक्षदाला न्यायला यायची आणि विचारायची. जेवली का, किती जेवली, खोकला आला का, ऊन लागलं नाही ना. रामी सगळं नीट सांगायची. रामीला मात्र कुणी काही विचारलेलं मी ऐकलं नाही. शलाका वाईट नव्हती, हे मी तिच्या पायात राहून सांगतो. ती सारखी बघत असायची, पण एकाच दिशेला.

भाद्रपदात बातमी आली की डिसेंबरच्या पहिल्या रविवारी नाशिकला मोठ्यांच्या गटाची स्पर्धा आहे. तिशीच्या वरच्या बायका, प्रथमच. शलाकाने नाव दिलं. आता दोन चौकोनही पुरेनात. आणि दसऱ्यानंतर हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापून खळ्यावर येणार होतं. मंगळीने आधीच बजावलं होतं, “भात वर आलं का खळ्यावर पायात काय नको. आमच्या वहाणापण खाली. तुझी गाडी तं बिलकुल नको.” शलाकाने मान डोलावली. ती रीत तिला ठाऊक होती आणि पटतही होती.

म्हणून, दसऱ्याच्या आदल्या शुक्रवारी प्रतिभाताईंनी ते सांगितलं, तेव्हा तिच्या मनात लगेच हिशेब बसला. आत्ता खळं मोकळं आहे तोवर सराव. भात आलं की सराव बंद, म्हणजे मंगळवार-शुक्रवार रिकामे. त्या दिवशी रामीला न्यायचं. तिने तसं रामीला सांगितलंही.

“खळ्यावर भात आलं की दुसऱ्या दिवशी आपण जायचं. मी येते स्कूटर घेऊन. चिठ्ठी जपून ठेव.”

“बरं बाय,” रामी म्हणाली. ती आता भिंतीला टेकून बसायची आणि पाय लांब करायची. पायातलं जोडवं घट्ट झालं म्हणून काढून ठेवलेलं होतं.

दसरा झाला आणि भात येण्याऐवजी परतीचा पाऊस आला. शेतातलं कापायला आलेलं भात भिजून आडवं झालं. लहान्या आकाशाकडे बघत बसायचा. पाऊस रात्री पडायचा आणि सकाळी खळं वाळलेलं असायचं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मला आनंद झाला. भात लांबलं म्हणजे माझे दोन मंगळवार आणि दोन शुक्रवार वाढले. शलाकालाही झाला. त्या दिवसांत आम्ही जसे फिरलो तसे आयुष्यात फिरलो नव्हतो. डाव्या पायावर अख्खं वर्तुळ, एकदाही रेघ न सोडता. “बघितलंस का?” ती कडेला बघून ओरडली. रामी डोळे मिटून बसली होती. तिने डोळे उघडून म्हटलं, “बघितलं ना.” तिने बघितलेलं नव्हतं. मला ते दिसलं, पण मला बोलता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा शुक्रवार. शलाकाला घाई होती. दुसऱ्या दिवशी माहेरी, नाशिकला जायचं होतं. अक्षदाची पिशवी भरून झाली, स्कूटर सुरूही झाली. रामी चालत जवळ आली, एक हात कमरेवर.

“बाय, मंग जायचं कवा?”

“ठरलंय ना आपलं? भात खळ्यावर आलं की लगेच.”

शलाकाला वाटलं, इतकं भिजलेलं भात सुट्टी संपेपर्यंत काही खळ्यावर येत नाही. तिने हे मोठ्याने म्हटलं नाही. नाशिकला जातेय, अठरा दिवस इथे नाही, हेही म्हटलं नाही, कारण सुट्टी लागली की बाई गावाला जाते हे सगळ्यांना माहीत असतंच असं तिने धरलं.

नाशिकला मी रोज खऱ्या, गुळगुळीत मैदानावर फिरलो. नवी चाकं मिळाली. जुन्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. भास्करराव खुर्ची टाकून बघत बसायचे. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते आणि आता मला ते नको वाटतात.

सुट्टी संपली तो मंगळवारच होता. आम्ही पाड्यावर पोचलो तर खळं झाडून स्वच्छ झालेलं. कडेला पेंढ्याची गंजी रचलेली. रामीच्या घराच्या दाराला सुंभ बांधलेलं. शेजारच्या पडवीत मंगळी एकटी नाचणी पाखडत होती.

“आजी, रामी कुठे आहे?”

“गेली.”

“गेली म्हणजे?”

“इटांच्या भट्टीवर. परवा टेम्पो आला मुकादमाचा. लहान्या, ती, समदे गेले. दरसाल जातात ते तुला काय नवं?”

“अहो, पण या अवस्थेत? तिला दवाखान्यात न्यायचं होतं मला!”

मंगळीने सूप खाली ठेवलं. “तवा कुठं होतीस? तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिशी ऊन पडलं. दोन दिसांत भात खळ्यावर. ती नवं लुगडं नेसून त्या दगडावर बसली, चिठ्ठी पदराला बांधून. लहान्या म्हणं, चल मी नेतो. तं नाय. म्हणं, बाय येल, तिनं सांगितलंय. तिच्यासंगं गेलं का डाक्टर नीट बोलतं. एक दिस बसली. दुसऱ्या दिशी पण बसली. मंग लुगडं घडी करून ठेवलं नि झोडायला आली.”

कडेवरच्या अक्षदाने बंद दाराकडे बोट केलं आणि विचारलं, “लामी?”

“कुठल्या भट्टीवर?” शलाकाने शेवटी विचारलं.

“मना काय ठाऊक? भिवंडीकडं म्हणत होते. नायतर वसईकडं. मुकादम नेईल तिकडं.”

त्या दिवशी मी पिशवीतून बाहेर आलोच नाही. शलाका खळ्याच्या कडेला उभी राहून लहान्याचा फोन लावत राहिली. बंद. शाळेतून लावला, बंद. संध्याकाळी घरी केयूर म्हणाला, “दरवर्षी जातात ग ते, बघून घेतील.” आशालताबाई जपमाळ ठेवून म्हणाल्या, “केयूर, रविवारी दुकान मी बघते. तू हिला घेऊन जा.”

ती दोघं तीन रविवार शोधायला गेली. मी शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटावर होतो, काचेच्या बरण्यांशेजारी. प्रतिभाताई मुलांचं वजन करायला शाळेत आल्या तेव्हा त्या दोघी माझ्यासमोरच बोलल्या, त्यावरून मला कळलं. प्रतिभाताईंनी तिकडच्या ओळखीच्या नर्सना निरोप दिलेत. केयूर आणि शलाका मोटारसायकलवरून भट्ट्या फिरले. भट्ट्या खूप आहेत. एका ठिकाणी कळलं की रामी नावाची बाई आहे. शलाका विटांच्या रांगांमधून पळत गेली. ती दुसरीच रामी होती, मोखाड्याच्या बाजूची. कडेवर तापाने फणफणलेलं मूल. ती शलाकाला म्हणाली, “मला शोधत आलात? कोणी पाठवलं?” आणि तिचा चेहरा क्षणभर उजळला. शलाकाने तिला आणि मुलाला जवळच्या दवाखान्यात नेलं. औषध मिळालं. त्या रविवारी बाकीच्या भट्ट्या राहिल्या.

“सापडेल हो,” प्रतिभाताई म्हणाल्या.

“नववा लागला असेल तिला,” शलाका म्हणाली. “मी अक्षदाचे ग्रॅम मोजत होते, प्रतिभाताई. तिचे पाय रोज माझ्या समोर होते.”

प्रतिभाताईंनी वजनकाटा पिशवीत घातला.

येत्या रविवारी नाशिकला स्पर्धा आहे. शलाकाने नाव काढून घेतलंय. फ्रिजवरच्या हिरव्या चौकोनांत आता ‘फोन’ लिहिलंय, असं ती म्हणत होती. अक्षदाला तिची आजी सांभाळते, गुडघे चोळत. माझ्या नव्या चाकांवर धूळ बसू लागली आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगून झाली की म्हणतात, आम्हाला जपा, तेल द्या, माळ्यावर टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला गंज चढला तरी चालेल. बूट गंजला तर कुणाचं काही जात नाही.

मित्रांनो, मला चाकं आहेत, पण एकट्याला एक वीतही जाता येत नाही. तुम्हाला जाता येतं. तुमच्यापैकी कुणी भिवंडीकडे राहत असेल, वसईकडे राहत असेल, शाळेच्या वाटेवर कुणाला विटांची भट्टी लागत असेल, तर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाचा हात धरा आणि तिथे जा. रामीबद्दल विचारा. जव्हारची, साखरशेतच्या वाटेवरच्या पाड्यातली, लहान्याची बायको. नसेल तर तिथे जी कोणी दिवस भरलेली बाई असेल, तिच्याकडे जा. तिच्या झोपडीला दार नसतं, ताडपत्री असते, म्हणून बाहेरूनच हाक मारा. पाय सुजलेत का, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, ते मोठ्या माणसाला विचारायला सांगा. ती म्हणेल, काही नाही, बरी आहे. ते ऐकून परत फिरू नका. १०८ वर फोन लावा, गाडी येईपर्यंत तिच्याजवळ बसा, आणि तिला एकटीला पाठवू नका. कुणीतरी सोबत जा. आजच जा.